सेलेनियम टेट्राक्लोराइडची १९८९ ची बाटली सापडली आहे, सिंकमध्ये ओतू का?

नवीन_मास्तरीण · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार. मी नागपुरात एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तासिका तत्त्वावर आहे, त्यामुळे जे काम कोणालाच नको असतं ते फिरत फिरत माझ्याकडे येतं. पुढच्या महिन्यात नॅकची (कॉलेजचा दर्जा तपासणारी) टीम येणार म्हणून स्टोअर आवरायचं काम मला मिळालंय.

आज सगळ्यात मागच्या लाकडी कपाटात, खालच्या फळीवर, तपकिरी काचेची एक छोटी बाटली निघाली. अर्धं लेबल कसरीनं खाल्लंय, पण ‘सेलेनियम टेट्रा’ आणि ‘२५ ग्रॅम’ एवढं वाचता येतं. स्टॉक रजिस्टरमध्ये १९८९ साली आल्याची नोंद आहे, त्यानंतर कोणाला दिल्याची एकही नाही. म्हणजे बहुतेक तेव्हापासून तिथेच पडून आहे.

झाकण बेकेलाइटचं, काळं, आणि जाम बसलंय. गळ्याभोवती पिवळट खरपुडी आहे. उजेडासमोर धरून जरा तिरकी केली तर तळाशी खडे दिसतात आणि त्यांच्या भोवती मधासारखं काहीतरी पिवळं, पातळ हलतं. पुस्तकात तर हा घन पदार्थ दिलाय. कपाटाची बिजागरी गंजून पार गेलीय, आणि शेजारी ठेवलेल्या अमोनियाच्या बाटलीवर पांढरी भुकटी साचलीय.

विभागातले सर म्हणाले, “नळ पूर्ण सोड, सिंकमध्ये ओत, बाटली धुऊन दे, राइट ऑफ करून टाकू.” मला ते बरं वाटत नाहीये. ओतू का? निदान झाकण उघडून आत नक्की काय आहे ते बघू का?

नेटसेट_तयारी · सोमवार, रात्री १०:०५

मॅडम, पाण्याशी अभिक्रिया होऊन सेलेनस आम्ल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं, दोन्ही पाण्यात विरघळतात. भरपूर पाणी सोडलं तर वाहून जाईल असं वाटतं. हातमोजे घाला फक्त.

अवांतर: या रेणूचा आकार सी-सॉ असतो, परीक्षेत हमखास विचारतात.

स्टोअरवाले_काका · सोमवार, रात्री ११:२०

मॅडम, ओतू नका, उघडू नका. बाटली होती तिथे उभी ठेवा, अमोनियाची बाटली तेवढी दुसऱ्या खोलीत हलवा, आणि हात धुऊन या. साबणानं, नखांच्या खालूनही. मग पुढचं वाचा, घाई नाही. १९८९ पासून थांबली आहे ती, अजून एक रात्र थांबेल.

मी इथेच एका कॉलेजच्या स्टोअरला ३५ वर्षं होतो, १९८४ ते २०१९. शिक्षण बारावी सायन्स. समीकरणं तुम्ही मला शिकवाल, पण बाटलीच्या गळ्यावरची खरपुडी मी वाचतो.

पहिली गोष्ट, लेबलवर जे लिहिलंय ते आता बाटलीत पूर्ण नाही. टेट्राक्लोराइड म्हणजे पिवळट पांढरे स्फटिक. सेलेनियमवरून क्लोरीन सोडला की बनतं. तापवलं तर वितळत बसत नाही, १९१ अंशांच्या आसपास सरळ वाफ होऊन उडतं आणि थंड जागी परत जमतं. त्यामुळे आपल्या मे महिन्यानं त्याचं काही वाकडं होत नाही. त्याचं वाकडं करतं पाणी. आणि नागपुरातल्या लॅबमध्ये पाणी पावसाळ्यातच येतं असं नाही. मे महिन्यात स्टोअरच्या खिडकीला कूलर लावतात, खसच्या ताट्या भिजवून. माणसाला बरं वाटतं, पण क्लोराइडच्या बाटल्यांची वाट लागते. आमच्याकडे ॲल्युमिनियम क्लोराइडच्या बाटल्या उन्हाळ्यात खराब व्हायच्या आणि खापर पावसावर फुटायचं. हे समजायला मला दहा वर्षं लागली.

दमट हवा झाकणाच्या आट्यांमधून थोडी थोडी आत गेली की टेट्राक्लोराइडचं आधी ऑक्सिक्लोराइड होतं आणि हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तुमची बिजागरी त्यानंच खाल्ली. शेजारी अमोनिया होता, दोघांची गाठ पडून जी पांढरी भुकटी बसली तो नवसागर. कल्हईवाला भांड्यात टाकायचा ना, तोच. म्हणजे बाटली गळते आहे, आणि बरीच वर्षं गळते आहे, हे तुमच्या कपाटानं तुम्हाला आधीच सांगितलं आहे.

आता ते मधासारखं. ऑक्सिक्लोराइड साधारण ११ अंशांच्या खाली गोठतं. नागपुरात डिसेंबर-जानेवारीतल्या काही रात्री सोडल्या तर ते द्रवच राहणार. पाण्याच्या जवळपास अडीचपट जड असतं, म्हणून तळाशी बसून संथ हलतं. लेबलवरच्या घनापेक्षा मला याची जास्त भीती आहे. कातडीला लागलं तर खोल भाजतं, फोड येतात, आणि सेलेनियम कातडीतून आत जातं. थेंबभर सुद्धा थोडं नाही. आणखी एक, हे रबर विरघळवतं आणि बेकेलाइट पण. तुमचं झाकण का फिरत नाही ते आता लक्षात आलं असेल. आटे खाल्ले गेलेत, वरून खरपुडीनं चिकटलेत. पान्यानं जोर लावाल तर झाकण राहील बाजूला आणि गळा मोडून हातात येईल. आत वायूचा दाब असेल तर आणखीच मजा.

आता सिंक. २५ ग्रॅम टेट्राक्लोराइड सगळं पाण्यानं फोडलं तर १६ ग्रॅमच्या वर हायड्रोजन क्लोराइड निघतो. वायूच्या हिशेबात ११ लिटर. पाणी लागल्याबरोबर तापतं, उकळून उडतं, आणि तुम्ही सिंकवर वाकलेल्या असाल. हे झालं आम्लाचं. सेलेनियम कुठे जात नाही. २५ ग्रॅममध्ये ते ९ ग्रॅमच्या जवळ आहे. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकानुसार सेलेनियम लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच चालतं. म्हणजे एवढीशी बाटली त्या मर्यादेत बसवायला ९ लाख लिटर पाणी पाहिजे. दहा हजार लिटरचे ९० टँकर. तुमचा नळ किती वेळ सोडणार? आणि मोरीतून ते शेवटी नाल्यात, नाल्यातून नाग नदीत. तिची आधीच काय कमी दशा आहे का.

हवेचाही हिशेब करून ठेवा. अमेरिकेत कामाच्या जागेवर घनमीटरमागे ०.२ मिलिग्रॅम सेलेनियम ही मर्यादा आहे. तुमचं स्टोअर चार बाय तीन मीटर आणि छत तीन मीटरवर धरलं तर ३६ घनमीटर. खोलीभर मर्यादा गाठायला २० मिलिग्रॅम टेट्राक्लोराइड पुरतं. तांदळाचा एक दाणा.

नेटसेटवाले भाऊ, रागावू नका. ‘पाण्यात विरघळतं’ आणि ‘पाण्यात संपतं’ यात फरक आहे.

नेटसेट_तयारी · मंगळवार, सकाळी ७:५०

काका, चूक कबूल. तो वाहून जाण्याचा सल्ला मागे घेतो, कोणी वाचून तसं करू नका.

आकाराचंही तपासलं. घन अवस्थेत सी-सॉ नसतोच. चार रेणू मिळून घनाकृती गठ्ठा बनतो, एका आड एक कोपऱ्यांवर सेलेनियम आणि क्लोरीन, शिवाय प्रत्येक सेलेनियमला बाहेरून तीन क्लोरीन. वाफेत तर तो तुटून डायक्लोराइड आणि क्लोरीन होतो. आमच्या गाइडमध्ये सी-सॉ लिहून मोकळे झालेत.

सीताबर्डी_स्टुडिओ · मंगळवार, सकाळी १०:१५

जरा अडाणी प्रश्न विचारतो. आमचा बर्डीवर फोटो स्टुडिओ होता. बाबा ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट सेलेनियम टोनरमध्ये बुडवायचे, फोटो टिकतो म्हणून. जुन्या झेरॉक्स मशीनच्या ड्रमवर पण सेलेनियमच असायचं. कोंड्याच्या शाम्पूत आहे. बायको डॉक्टरांनी दिलेली गोळी घेते त्यात पण आहे. मग या बाटलीचाच एवढा बाऊ काहून?

स्टोअरवाले_काका · मंगळवार, दुपारी १२:३०

अडाणी नाही, बरोबर प्रश्न आहे. ड्रमवरचं सेलेनियम म्हणजे नुसतं मूलद्रव्य, पाण्यात विरघळत नाही. शाम्पूतलं सल्फाइड, तेही जवळजवळ अविद्राव्य, म्हणून डोक्याला लावून धुता येतं. गोळीत मायक्रोग्रॅम असतात. मोठ्या माणसाला दिवसाला ५५ लागतात, ४०० च्या वर जाऊ नये म्हणतात. मिलिग्रॅम नाही, मायक्रोग्रॅम. तुमच्या बाबांचा टोनर मात्र विषारीच होता, खिडकी उघडी ठेवून काम करत असतील अशी आशा करतो. क्लोराइडची गोष्ट दुहेरी आहे. सेलेनियम तर आहेच, वरून कातडीचा, डोळ्याचा, फुप्फुसाचा ओलावा मिळाला की तिथल्या तिथे आम्ल. म्हणजे आत शिरायला वाट तेच करून देतं.

कोणी विचारेल मग असली वस्तू कॉलेजात आणलीच कशाला. कोणाची तरी पीएच.डी. असणार. सेलेनियम कार्बनला जोडून नवी संयुगं करायची तर टेट्राक्लोराइडपासून सुरुवात करता येते. ॲल्युमिनियम क्लोराइडला तो आपला एक क्लोरीन देतो, पिरिडीनशी जोड्या जमवतो, प्रबंधाला भरपूर मालमसाला. कारखान्यात याच्या उडून जाण्याचा उपयोग सेलेनियम शुद्ध करायला होतो, क्लोराइड करून उडवायचं, घाण मागे राहते.

मी हे कशावरून सांगतो ते पण ऐका. १९९१ साली आमच्याकडे एक संशोधक विद्यार्थी सेलेनियमवर काम करून गेला आणि मागे दोन फ्लास्क कचरा ठेवून गेला. गाइड सर भले माणूस. म्हणाले, यातलं सेलेनियम काढून घेऊ, वाया का घालवायचं. फ्यूम कबर्डमध्ये, म्हणजे वाफा बाहेर ओढणाऱ्या पंख्याच्या कपाटात, बर्फात ठेवून हळूहळू पाण्यानं फोडलं, मग सोडियम बायसल्फाइट टाकलं. पाहण्यासारखं होतं ते, खोटं नाही बोलत. स्वच्छ पाण्यासारख्या द्रवात आधी पिवळट झाक आली, मग नारिंगी, आणि बघता बघता विटकरी लाल गाळ ढगासारखा खाली उतरला. गरम केलं तर तोच गाळ काळा पडून खड्यांसारखा गोळा झाला. पण फ्यूम कबर्डचा पंखा जळालेला होता, तीन महिने दुरुस्तीचा कागद ऑफिसात फिरत होता. आणि काचेची कांडी धरून ढवळणारा मी. हातमोजे नव्हते, कोणी देतही नव्हतं आणि मागायची पद्धतही नव्हती.

दुसऱ्या दिवशी तोंडाला तांब्याच्या भांड्यासारखी चव. उजव्या हाताच्या दोन नखांखाली अशी ठसठस, की शर्टाची बटणं डाव्या हातानं लावली. आणि श्वासाला लसणाचा वास. शरीर सेलेनियम बाहेर टाकतं ते श्वासातून, त्याचा तो वास असतो. आता चातुर्मास चालू, आमच्या घरात कांदा-लसूण बंद. सौभाग्यवती दारातच म्हणाली, “एकादशीला सावजीकडे जाऊन आले का?” शपथ घेतली तरी विश्वास नाही. चार दिवस तो वास गेला नाही, चार दिवस मला ताट वेगळं. सरांनाही तोच वास, पण त्यांच्या घरी कोणी विचारलं नाही, कारण त्यांच्या घरी लसूण चालायचा.

हे हसण्यावारी नेलं तेव्हा. नंतर कळलं की त्याच्या आधीच्या पिढ्यांनी याची किंमत मोजलेली आहे. १८१७ मध्ये हे मूलद्रव्य शोधणारे बर्झेलियस, त्यांना हायड्रोजन सेलेनाइड या विषारी वायूनं काही काळ वासच येईनासा झाला होता. म्हणून सांगतो, बाटलीजवळ जस्ताचा चुरा, ॲल्युमिनियमची भांडी काही ठेवू नका. आम्ल आणि धातू जमले की सेलेनियमचा तोच वायू होईल, भरवसा नाही.

आणि १९९१ चा प्रयोग तुम्ही करू नका. पंखा चालू असला तरी.

नवीन_मास्तरीण · मंगळवार, रात्री ८:१०

काका, रात्री वाचून झोप लागली नाही, पण खूप आभार. आज बाटलीला हात लावला नाही. निळा लिटमस ओला करून चिमट्यानं झाकणाजवळ धरला, दहा सेकंदांत लाल. स्टोअरला कुलूप लावून किल्ली माझ्याकडे घेतली, कूलरचा प्लग काढला. सरांना ९० टँकरचा हिशेब दाखवला. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “मग आता ही कोणाच्या गळ्यात मारायची?”

तोच माझा प्रश्न आहे.

बुटीबोरीवाला · मंगळवार, रात्री १०:३०

मी एमआयडीसीत एका कारखान्यात सेफ्टी बघतो, म्हणून उत्तर देतो. गळ्यात कोणाच्या मारायची नाही, रीतसर द्यायची. घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम कॉलेजलाही लागू आहेत. घातक कचरा ९० दिवसांच्या वर साठवून ठेवता येत नाही, आणि अधिकृत संस्थेलाच द्यावा लागतो. सोबत फॉर्म १० लागतो, म्हणजे कचरा कोणी कोणाला दिला त्याची नोंद. बुटीबोरीला घातक कचऱ्याची सोय आहे. आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात प्राचार्यांच्या सहीचं पत्र द्या. स्टोअरमध्ये अशा आणखी दहा बाटल्या निघतील, सगळ्यांची यादी एकदमच करा. एका बाटलीसाठी गाडी येत नाही, पंधरासाठी येते.

तोपर्यंत बाटली एकदाच हलवायची, ती रुंद तोंडाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात उभी ठेवण्यासाठी. डब्यात चारी बाजूंनी कोरडी वाळू. कोरडी म्हणजे खरंच कोरडी, बांधकामावरची आणाल तर तव्यावर भाजून थंड करून. लाकडाचा भुसा, चिंध्या, वर्तमानपत्र नको. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा: सेलेनियम टेट्राक्लोराइड, ऑक्सिक्लोराइड असण्याची शक्यता, उघडू नये, पाण्यापासून दूर. ऑक्सिक्लोराइडचा वाहतुकीचा यूएन क्रमांक २८७९ आहे, तोही टाका, गाडीवाल्याला त्यावरून समजतं. हलवताना चष्मा, नायट्राइलचे दोन थर हातमोजे, आणि दारात दुसरा माणूस उभा पाहिजे. आणि कृपा करून स्कूटीच्या डिक्कीत घालून स्वतः आणून देऊ नका. मागच्या वर्षी एका कॉलेजातून एक जण ब्रोमीन असं घेऊन आला होता. जूनमध्ये. स्कूटीवर.

कातडीवर लागलंच तर कोरडे खडे आधी झटकून मग धो-धो पाणी, डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं तरी सतत. आणि दवाखान्यात ‘सेलेनियम’ हा शब्द स्वतः सांगा. आर्सेनिकच्या विषबाधेत ‘बाल’ (बीएएल) नावाचं जे इंजेक्शन देतात ते सेलेनियममध्ये चालत नाही, मूत्रपिंडाला उलट त्रास होतो. डॉक्टरला एकदम आठवेलच असं नाही.

सीताबर्डी_स्टुडिओ · बुधवार, सकाळी ९:००

माळ्यावर बाबांच्या टोनरच्या तीन बाटल्या निघाल्या. यादीत माझं पण नाव घालता येईल का?

बुटीबोरीवाला · बुधवार, सकाळी ९:२०

कॉलेजच्या यादीत नाही भाऊ. मंडळाला तुमचं वेगळं पत्र द्या. आणि तोवर माळ्यावरून खाली काढा, उन्हाळ्यात माळा तापतो.

नवीन_मास्तरीण · अकरा दिवसांनी, शनिवार, सायंकाळी ६:४५

बाटली गेली! एकूण सतरा निघाल्या. त्यात पाऱ्याचे क्षार, सोडियमचा एक डबा ज्यातलं रॉकेल कधीच उडून गेलं होतं, आणि एका बाटलीवर लेबलच नाही. त्या बिनलेबलवालीला गाडीवाल्यानं सगळ्यात जास्त मान दिला, दोन्ही हातांनी उचलली. आमची बाटली वाळूसकट डब्यात होती. दोन दिवसांत डब्याच्या झाकणाला आतून ओलसर थर आला होता, म्हणजे गळत होतीच.

आता नवीनच अडचण. निर्लेखन समिती म्हणते, वस्तू राइट ऑफ करायची तर रिकामी बाटली दाखवा, नियम आहे. फॉर्म १० ची प्रत दाखवली तर म्हणतात, यात बाटली परत आल्याचं कुठे लिहिलंय? आणि शिल्लक प्रमाणाच्या रकान्यात ग्रॅम मागतायत. काका, तुमच्या वेळी काय लिहायचे?

स्टोअरवाले_काका · शनिवार, रात्री ९:१५

आमच्या वेळी ‘उंदरानं पाडली’ लिहायचे, चालून जायचं. तुम्ही तसं लिहू नका, सेलेनियमला उंदीर कोणी मानणार नाही.

प्रमाण: २५ ग्रॅम, नोंदीप्रमाणे. मोजायला उघडलं नाही हे कंसात. शेरा: ‘झाकण जाम, आतील द्रव्य बदललेले, बाटलीसह अधिकृत संस्थेकडे सुपूर्द, फॉर्म १० ची प्रत सोबत.’ खाली तारीख, तुमची सही, आणि ज्या सरांनी सिंकमध्ये ओत म्हटलं होतं त्यांची सही. त्यांची आधी घ्या.